भूगोलाचे सर गेले. त्यांच्या वह्यांचं काय करायचं?

वारणाकाठ

मंडळी, गेल्या आठवड्यात सोमवारी पहाटे सर गेले. सत्तरच्या दशकापासून पुढे ज्यांनी सांगलीत भूगोल घेतला त्यांना कोणते सर हे सांगायला नको. नाव मुद्दामच लिहीत नाही. सरांना गाजावाजा आवडायचा नाही आणि काकूंचंही तेच म्हणणं पडलं.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. दहाव्याच्या दिवशी काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक दाखवली. आत वह्याच वह्या. गणपती पेठेत व्यापारी खतावणीला घेतात त्या लांबड्या, लाल कापडी पाठीच्या. दर वर्षीची एक. १ जूनला सुरू आणि दसऱ्याला बंद. सर रोज सकाळी कृष्णेच्या सरकारी घाटावर जायचे हे आपल्याला माहीत होतं, पण परत आल्यावर ते हे सगळं लिहून ठेवत होते याचा मला पत्ता नव्हता. रकाने आखलेले: तारीख, वेळ, घाटाच्या कोरड्या पायऱ्या, पाण्याचा रंग, वारा, आभाळ. शेवटचा रकाना 'इतर', आणि त्यात काहीही. 'नावाडी म्हणतो वारणा चढली.' 'आज शेरी नाल्याचं पाणी उलटं वाहतंय.' 'पोहणारी मुलं आली नाहीत.'

काकू आता मुलीकडे पुण्याला राहायला जाणार. घर रिकामं होणार. त्या म्हणाल्या, "यांचं काय करू रे? रद्दीत घालवत नाही बाबा मला."

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर अर्धपुतळा, पारितोषिक, सभागृहाला नाव असं बरंच चाललंय. माझं मत स्पष्ट आहे: आधी या वह्या. पुतळ्याचं नंतर बघू. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. आणि सरांच्या आठवणीही लिहा, काकू वाचणार आहेत.

मिरजकर

भावपूर्ण श्रद्धांजली. बातमी आत्ता तुमच्याकडूनच कळली. सावकाश लिहितो.

आटपाडीची_लेक

मी माणदेशातली. वडिलांनी मुलीला सांगलीच्या वसतिगृहात ठेवलं म्हणून भावकीत बोलणी खाल्ली त्या काळातली गोष्ट. सरांनी पहिल्याच महिन्यात वर्गाला काम लावलं. प्रत्येकाने घरी पत्र टाकायचं, गावात कुठल्या दिवशी किती पाऊस झाला ते मागवायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यावर मांडायचं. शिराळ्याच्या मुलांचा तक्ता भरून वाहायचा. वाळव्याचाही बरा असायचा. माझ्या गावाच्या ओळीत काहीच नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी ओळ मोकळीच सोडली.

सरांनी सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. तास संपल्यावर थांबवलं आणि म्हणाले, "मोकळी जागा म्हणजे तू बघितलंच नाहीस. शून्य लिहिलंस तर बघितलंस आणि पाऊस नव्हता. दोन्हीत फरक आहे का नाही?" मी तिथेच बसून पूर्ण महिन्याची शून्यं लिहिली.

पुढच्या तासाला फळ्यावर त्यांनी महाबळेश्वरपासून जतपर्यंत एक आडवी रेघ मारली. डोंगरमाथ्यावर पाच-सहा हजार मिलिमीटर, खाली सांगलीत सहाशेच्या आत-बाहेर, आणि पूर्वेला आमच्याकडे त्याहून कमी. ढग सह्याद्रीवर चढताना पाऊस कसा ओतून देतात आणि पलीकडे उतरताना कोरडे कसे होतात ते पुस्तकात होतंच. सरांनी त्यात माझा तक्ता लावला आणि म्हणाले, "या शून्यांशिवाय हा धडा अर्धाच आहे." आमच्या गावाचा दुष्काळ हा आमच्या नशिबाचा किंवा आमच्या आळसाचा भाग नाही, हे मला त्या दिवशी कळलं. वयाच्या अठराव्या वर्षी हे कळणं किती मोठं असतं ते दुष्काळी भागातल्याच माणसाला समजेल.

लग्नानंतरही मी सरांना पावसाच्या नोंदीचं कार्ड टाकत राहिले. २०१३ साली गावाबाहेर जनावरांची छावणी पडली होती तेव्हाही टाकलं. उत्तर यायचंच. एक ओळ: 'पोहोचलं. वहीत घेतलं.'

वारणाकाठ दादा, त्या वह्यांत आमच्या गावाचं काही दिसलं तर सांगाल?

हळदगल्ली

लई मोठा मानूस गेला. आमच्या आबांची हळदीच्या अडतीत हमाली हुती. सर पोरं घिऊन हरिपूरला यायचे पेवं दावायला. आबाच पुढं हुयाचे. पेव म्हंजी जमिनीतलं हळदीचं कोठार, वर तोंड ल्हान आन् आत मानूस उभा ऱ्हाईल येवडं. उघडलं की लगीच उतरायचं न्हाई. आत हवा नसती, मानूस गुदमरून मरतुय. वाट बघायची, मग कंदील सोडायचा, कंदील जळत ऱ्हायला तरच उतरायचं. सर पोरांना म्हनायचे, "ह्ये मी सांगत न्हाई, ज्यो उतरतो त्यो सांगंल," आन् आबांना पुढं करायचे. कालेजाच्या पोरांनी वहीत आबांचं बोलनं लिवून घ्यायचं. आमच्या आबांना अंगठा सोडून काय येत नव्हतं. त्या दिवशी घरी आले की छाती फुगल्याली असायची.

२००५ च्या पुरात पेवांत पानी शिरलं, माल गेला. तवाबी सर आलते. कोनतं पेव टिकलं, कोनतं ढासाळलं, समदं इचारून लिवून नेलं. त्ये बी वहीत आसंल बगा.

शेरीनाला

सरांबद्दल आदर आहेच, मीही त्यांचाच विद्यार्थी. तरी वेगळं मत मांडतो, राग नसावा. आयर्विन पुलाखाली पाण्याची पातळी सरकार मोजतंच. रोजचे आकडे पाटबंधारे खात्याकडे आहेत. घाटाच्या पायऱ्या मोजून ठेवलेल्या वह्यांचा शास्त्रीय उपयोग काय? भावनेच्या भरात आपण त्या स्कॅन करू, कुठल्यातरी ड्राइव्हवर टाकू, आणि पुन्हा कुणी उघडणार नाही. त्यापेक्षा भूगोलात पहिल्या येणाऱ्या मुलामुलीला दर वर्षी पारितोषिक द्या. नाव राहील आणि एखाद्या गरजूची फी भागेल.

बेदाणा

शेरीनाला यांना अनुमोदन. पारितोषिक जास्त टिकतं.

निवृत्त_मापक

मी पाटबंधारे खात्यातच होतो, नदीच्या पातळ्या घेण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे वरच्या प्रश्नाचं उत्तर देणं मला भाग आहे.

पुलावरची पट्टी पाणी पुलाखाली किती आहे ते सांगते. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीस फुटाला धोका. पण सांगलीत पाणी काठ फोडून समोरून येत नाही, मागून येतं. नदी चढली की नाल्यांचं पाणी नदीत उतरू शकत नाही, उलटं फिरतं आणि सखल भागात पसरतं. पट्टी चाळीस दाखवायच्या आधीच सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोडकडची घरं पाण्यात असतात. कुठल्या गल्लीत पाणी आधी आलं, कुठून आलं, किती वेळात उंबऱ्याला लागलं, हे आमच्या रजिस्टरात नव्हतं. रजिस्टरात त्याला रकानाच नव्हता.

सरांच्या वहीत होता. घाट पूर्ण बुडाला की सर गल्लीत शिरायचे. अमक्याचा उंबरा, तमक्या देवळाची तिसरी पायरी, विजेचा खांब. माझ्याकडे येऊन विचारायचे, "आज सकाळी सात वाजता पट्टी किती होती?" आणि त्या उंबऱ्यापुढे पट्टीचा आकडा लिहायचे. म्हणजे पट्टी इतकी झाली की पाणी कुणाच्या दारात येतं, याचा मेळ त्यांनी घातलेला आहे. पूर आला की लोकांना नेमकं हेच हवं असतं. 'पाणी त्रेचाळीस फूट' ऐकून म्हातारीला काय कळणार? 'पाणी तुमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत येईल' म्हटलं की ती ट्रंक उचलते.

पायऱ्यांचंही सांगतो. सरांनी उन्हाळ्यात नदी आटलेली असताना डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) लावून एकेका पायरीची उंची घेतली होती. स्टाफ मी धरला होता. सगळ्या पायऱ्या सारख्या नाहीत, जुन्या दगडी वेगळ्या, नंतर दुरुस्त केलेल्या वेगळ्या. त्या उंचीचा तक्ता कुठल्यातरी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेला असेल. तो सापडला नाही तर मात्र शेरीनाला म्हणतात ते खरं, बाकीचे आकडे वाचता येणार नाहीत. वारणाकाठ, आधी तो शोधा.

शेरीनाला

उंबऱ्यांच्या नोंदीची मला कल्पना नव्हती. असं असेल तर माझा विरोध नाही. पारितोषिकही असू दे, एवढंच.

दंडोबा

जरा हलकं काहीतरी. आमच्या वेळचा दंडोबाचा अभ्यासदौरा. मिरजेहून एसटी. पोरं खिडकीसाठी भांडायला लागली. सर उभे राहिले आणि म्हणाले, "खिडकी कुणालाही मिळेल. अट एकच. भोसे येईपर्यंत बाहेर जे जे दिसेल ते क्रमाने लिहून द्यायचं. विहीर, ओढा, मातीचा रंग, पीक." एका मिनिटात सगळ्या खिडक्या रिकाम्या! शेवटी खिडकीत बसले कंडक्टर आणि सर. कंडक्टरने विचारलं, "मास्तर, मी बी लिहू का?" आणि त्याने खरंच तिकिटांच्या गड्ड्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर विहिरी लिहून दिल्या. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि वर मार्कही दिले.

डोंगरावर चढल्यावर पश्चिमेला हिरवं आणि पूर्वेला करडं, एकाच जागी उभं राहून दिसतं. सर तिथे काही बोलायचे नाहीत. आम्हाला दोन्हीकडे तोंड करून बसवायचे आणि डबा खाऊ द्यायचे. सरांच्या डब्यात काकूंच्या हातची शेंगदाण्याची चटणी. ती सगळ्यांना पुरायची कशी हे कोडं अजून सुटलेलं नाही. काकू, वाचत असाल तर नमस्कार.

मागचा_बाक

सगळे चांगलंच लिहितायत, तेव्हा लिहावं की नाही असा विचार केला. पण सर स्वतः 'दिसलं ते लिही' म्हणायचे, म्हणून लिहितो.

मी रात्री एका छापखान्यात काम करायचो. सुटायला पहाट व्हायची. सकाळचा पहिला तास सरांचा. घंटा झाली की सर दार लावून घ्यायचे आणि मग कुणीही येवो, उघडायचे नाहीत. मी व्हरांड्यात उभा राहून खिडकीतून नकाशावाचन शिकलो. हजेरी भरली नाही, टर्म मिळाली नाही, वर्ष गेलं. घरची परिस्थिती अशी की गेलेलं वर्ष परत घेणं जमलं नाही. मी त्यानंतर कॉलेजात गेलो नाही.

सरांना कुणी सांगितलं नसेल हे खरं. पण त्यांनी विचारलंही नाही. एवढ्या बारीक नजरेचा माणूस, नदीचा रंग रोज लिहिणारा, त्याला दाराबाहेरचं पोरगं डोळे तांबारलेलं का आहे ते दिसलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. शिव्या द्यायला आलेलो नाही. सर गेले हे वाचून मी रडलो. हेही त्यांच्या आठवणीत असू दे, एवढंच म्हणणं.

वारणाकाठ

असू दे. काकूंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "त्याला म्हणावं घरी ये."

विश्रामबाग_नाका

मागचा_बाक, तुमचं साल कुठलं माहीत नाही. मी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस होते. आमच्या वेळी सर दार लावत नव्हते. उशिरा येणाऱ्याला आत घ्यायचे, शेवटच्या बाकावर बसवायचे आणि तास झाल्यावर विचारायचे, "कुठे कामाला जातोस?" हे वाक्य ठरलेलं. आमच्यातल्या दोघांना त्यांनी दुपारच्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये टाकून घेतलं होतं. नियम कधी बदलला आणि का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मागचा_बाक

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद ताई.

बेदाणा

अवांतर: सर कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दल काय म्हणायचे? २०१९ च्या पुरानंतर त्यांच्याशी कुणाचं बोलणं झालं होतं का? माझं तर ठाम मत आहे की खालून पाणी अडतं म्हणूनच सांगली बुडते. आता उंची ५१९ मीटरवरून ५२४ वर न्यायची म्हणतायत, मग तर बघायलाच नको.

दंडोबा

बेदाणा, पेटवलंत! २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला जबाबदार धरलेलं नाही. कोयना आणि वारणेच्या खोऱ्यात थोड्या दिवसांत पडलेला अफाट पाऊस आणि नदीच्या पात्रात-काठावर आपणच केलेली बांधकामं, हे बघा आधी.

बेदाणा

समितीचं म्हणणं इथे किती जणांना पटलंय ते विचारा. ज्याच्या घरात दहा दिवस पाणी होतं त्याला विचारा.

निवृत्त_मापक

दोघांनीही सरांना विचारलं असतं तर दोघांनाही कामाला लावलं असतं. मी विचारलं होतं. म्हणाले, "अलमट्टीची पातळी आणि आपल्या पुलाची पातळी, दोन्ही रोजच्या रोज शेजारी शेजारी लिहून काढ. मधे राजापूरचा बंधारा आहे, हिप्परगी आहे, त्यांचीही लिही. मग बोलू." मी काही पुरी यादी केली नाही. सरांनी मात्र २०१९ नंतर हा रकाना सुरू केला होता, वर्तमानपत्रातून आकडे घ्यायचे. त्यांचं मत काय झालं होतं ते मला ठाऊक नाही, आणि आता त्यांच्या तोंडी घालणार नाही. आकडे वहीत असतील, ज्याला भांडायचं आहे त्याने ते घेऊन भांडावं.

गावभाग

२०१९ निघालं म्हणून लिहिते. आम्ही सरांच्या गल्लीतच राहतो. आमच्या दाराच्या आतल्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण होती, सासऱ्यांनी तेलरंगाने रेघ मारून ठेवलेली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढायला लागलं तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांचं एकच म्हणणं: २००५ ला इथवर आलं होतं, म्हणजे सामान त्या रेघेच्या वर ठेवलं की झालं. सगळ्यांनी तसंच केलं. फळ्या ठोकल्या, गाद्या वर टाकल्या, आणि माणसं माळ्यावर बसायच्या तयारीत.

सर रात्री बॅटरी घेऊन दारोदार फिरले. पंचाहत्तरी उलटलेली, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, काखेत वही. आमच्याकडे आले, रेघेवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही खूण २००५ च्या पाण्याची. यंदाचं पाणी यंदाचं. कोयनेतून सोडलेलं अजून इथे पोचायचंय आणि वारणा आत्ताच तुंबली आहे. माळ्यावर बसू नका, विश्रामबागेकडे निघा." सासूबाई हलेनात. शिलाई मशीन सोडून जाणार नाही म्हणाल्या, त्या मशीनवर त्यांनी चार लेकरं वाढवली होती. सरांनी वाद घातला नाही. उंबऱ्यावर बसले. "तुम्ही निघाल तेव्हा मीही निघतो," म्हणाले. काकू खालून हाका मारत होत्या, सर उठेनात. अर्ध्या तासाने सासूबाईंनीच मला हाक मारली, "अगं, त्या मास्तरांना थंडी वाजून येईल, चल बाई." पोरांनी मशीन वर उचलून ठेवलं आणि आम्ही निघालो.

२००५ ला पुलाची पट्टी ५३ फुटांवर गेली होती, त्या वेळी ५७ च्या वर गेली. आमची रेघ पाण्याखाली गेली आणि माळाही गेला. ब्रह्मनाळची नाव उलटली ती त्याच आठवड्यात. माळ्यावर थांबलो असतो तर आम्हीही अशाच एखाद्या नावेची वाट बघत बसलो असतो.

त्या रात्री सरांनी स्वतःच्या घरातून काय नेलं माहीत आहे? हातगाड्यावर ती पत्र्याची ट्रंक. पुस्तकांची दोन कपाटं तशीच राहिली आणि भिजून लगदा झाली. तेव्हा वह्या ठेवायच्या की नाही असं कुणी विचारू नका. कुठे ठेवायच्या ते विचारा. आणि तळमजल्यावर नको म्हणजे नको. आपल्या जुन्या वाचनालयाची हजारो पुस्तकं त्याच पुरात गेली, ते सगळ्यांनी पाहिलंय.

मिरजकर

सावकाश लिहितो म्हणालो होतो. मी सरांबरोबर त्याच विभागात नोकरी केली, त्यांना धाकटा.

सरांची पीएच.डी. झाली नाही हे बहुतेकांना माहीत असेल. का झाली नाही ते थोड्यांना. विषय कृष्णेच्या पुराचाच होता. मार्गदर्शक म्हणाले, दहा वर्षांचे आकडे पुरेत, लिहून टाका. सर म्हणाले, दहा वर्षांत नदी कळत नाही. मुदत संपली, नोंदणी रद्द झाली. पुढे त्यांच्यानंतर लागलेली माणसं विभागप्रमुख झाली. सरांना त्याचं काही वाटत नव्हतं असं आता सगळे म्हणतात. तसं नाही. वाटत होतं. एकदा परीक्षेचे पेपर तपासून शिवाजी विद्यापीठातून परत येताना एसटीत ते मला म्हणाले, "कधी कधी वाटतं, दहावरच थांबायला पाहिजे होतं." अंकली पुलावरून गाडी जात होती. खाली कृष्णा दिसली तसे ते खिडकीतून वाकून पाणी बघायला लागले आणि विषय तिथेच राहिला.

त्यांनी छापून फारसं काही ठेवलं नाही ही विभागात नेहमीची टीका. ती खरीही आहे. पण पदवीच्या प्रत्येक मुलाकडून त्यांनी स्वतःच्या गावाचा नकाशा करून घेतला. प्लेन टेबल (नकाशा काढायचा तिपाईवरचा फळा) घेऊन गावात जायचं, विहिरी, ओढे, देवळं, पडकी घरं, वस्त्या मांडायच्या. कितीतरी गावं अशी आहेत की त्यांचा इतका तपशीलवार नकाशा दुसरा कुणी केला नसेल. ते नकाशे विभागात होते, नंतर कपाटं हलली तेव्हा कुठे गेले कळत नाही. ट्रंकेत त्यातला एखादा असला तर मला बघायचा आहे.

वारणाकाठ

आज दिवसभर ट्रंकेपाशी होतो. मापक काका, पायऱ्यांच्या उंचीचा तक्ता सापडला! १९७९ च्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत, आलेख कागदावर शाईने काढलेला घाटाचा छेद. एकेक पायरी, एकेक आकडा, आणि खाली 'स्टाफ धरला' म्हणून तुमचं नाव.

मिरजकर सर, नकाशे नाहीत. पण यादी आहे, कुणी कुठल्या गावाचा केला त्याची. म्हणजे निदान विचारत जाता येईल, काहींच्या घरी कच्ची प्रत असेलच.

हळदगल्ली दादा, २००५ च्या वहीत पेवांची दोन पानं भरलेली आहेत. पुरातले दिवस पेन्सिलीने लिहिलेत, बहुधा गच्चीवर बसून. आबांचं नाव दोनदा आहे, पुढे 'यांना विचारून' असं.

आणि ट्रंकेच्या तळाला पोस्टकार्डांचे गठ्ठे. तालुकावार सुतळीने बांधलेले, मधे कडुलिंबाचा पाला. जत, कवठेमहांकाळ, खानापूर, आटपाडी. आटपाडीचा सगळ्यांत जाड. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बरोबरची खूण आणि वहीचा पान क्रमांक. ताई, तुमच्या छावणीच्या वर्षाची कार्डं आहेत. सगळी.

आटपाडीची_लेक

आज लिहिता येणार नाही. उद्या लिहिते.

हळदगल्ली

आबांचं नाव हाय म्हनताय? त्या पानाचा फोटू टाका की. आबा हायत अजून. दावतो त्यांना.

विश्रामबाग_नाका

कामाचं बोलू या का? माझा भाचा पुण्यात जुन्या कागदपत्रांच्या डिजिटायझेशनचं काम करतो. त्याचं म्हणणं, मोबाईलने घाईघाईत फोटो काढू नका, लांबड्या वह्यांची शिवण उसवते. वरून कॅमेरा लावून, वही अर्धीच उघडून काढायचे. तो शनिवार-रविवार येऊन करून देईल, पैसे घेणार नाही. मूळ वह्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहतील, विश्रामबागेत पुराची भीती नाही. संस्थेला द्यायच्या की नाही ते काकूंच्या इच्छेने नंतर ठरवू. छायाप्रती मात्र सगळ्यांना मोकळ्या असाव्यात, महापालिकेला, खात्याला, पोरांना, कुणालाही.

शेरीनाला

नुसते फोटो काढून उपयोग नाही, आकडे टंकायला हवेत. तर शोधता येतील, आलेख काढता येतील. एका माणसाचं काम नाही ते. सुचवतो: ज्याने त्याने आपलं कॉलेजचं वर्ष घ्यावं. आपण वर्गात बसलो होतो त्या पावसाळ्यात नदी काय करत होती ते आपणच उतरवू. तक्त्याचा साचा मी करतो, 'इतर'चा रकाना जसाच्या तसा, एक शब्द न गाळता.

दंडोबा

एकदम मान्य. माझं १९८४.

गावभाग

मी त्यांची विद्यार्थिनी नाही. २०१९ घेऊ का?

शेरीनाला

वहिनी, ते तुमचंच.

मागचा_बाक

मला १९८१ द्या. वर्ग झाला नाही माझा त्या वर्षी, पण साल तेच होतं.

निवृत्त_मापक

१९७९ माझ्याकडे. आणि एक महत्त्वाचं. जून तोंडावर आलाय. यंदाची वही कोण लिहिणार? एक पावसाळा खंड पडला की पडला. मी रोज घाटावर उतरू शकत नाही, गुडघे साथ देत नाहीत.

पोहणारा_पोरगा

काका मी रोज पहाटे सरकारी घाटावर पोहायला असतो. सर मला ओळखायचे, नावानं नाही, 'आज आलास का' एवढंच. मी लिहीन. पण पायऱ्या वरून मोजायच्या का खालून? आणि पाणी अर्ध्या पायरीवर असलं तर?

निवृत्त_मापक

वरून. कट्ट्याच्या खालची पहिली धरून कोरड्या मोजायच्या. जिच्यावर लाट येते ती ओली समजायची. अर्ध्याचा प्रश्न येऊ नये म्हणून सर सोबत फूटपट्टी ठेवायचे, कोरड्या पायरीच्या कडेपासून पाण्यापर्यंत सेंटिमीटर लिहायचे. वेळ सकाळी साडेसहा, चुकवायची नाही. रविवारी घाटावर ये, मी कट्ट्यावर बसून दाखवतो. लाल पाठीची वही मी आणतो.

वारणाकाठ

काकूंनी सगळ्याला होकार दिलाय. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता सरांच्या घरी. ट्रंक जड आहे, उचलायला चार जण हवेत, आणि टेम्पो कुणाचा आहे का ते सांगा. वर्षं वाटून घेतल्याची यादी खाली वाढवत नेऊ. आतापर्यंत १९७९, ८१, ८४ आणि २०१९ गेली. १९८७ ते ९३ मधली एकही कुणी घेतलेली नाही, त्या बॅचची मंडळी इथे बरीच आहेत, हात वर करा.

आटपाडीची_लेक

१९९० माझं. आणि पोस्टकार्डांचे आटपाडी-खानापूरचे गठ्ठेही मीच उतरवते. शनिवारी पहाटेच्या गाडीने येते, स्टँडवरून कुणीतरी घ्यायला या.